अणुवीज केंद्रावर हल्ला झाला तर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेवर आलेल्या पत्रांतून या वेळी एकाच धाग्यातले प्रश्न निवडले आहेत : घुसखोरी, घातपात, सायबर हल्ला किंवा युद्ध यांमुळे केंद्रावर संकट आले, तर आतल्यांनी आणि बाहेरच्यांनी काय करायचे?

प्रश्न : प्रत्येक केंद्राकडे अपघातासाठी आपत्कालीन योजना असते. मग हल्ल्यासाठी वेगळी कशाला? भोंगा वाजला की सगळ्यांनी जमायचे आणि बाहेर पडायचे, एवढेच ना?

नेमके तेच करायचे नसते. मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘सुरक्षा’ हा एकच शब्द वापरतो. यंत्र बिघडू नये आणि बिघडलेच तर माणसाला इजा होऊ नये, ही एक. वाईट हेतूने आलेल्या माणसाला यंत्रापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, ही दुसरी. एरवी दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. हल्ल्याच्या वेळी मात्र त्या एकमेकींच्या आड येतात, आणि हा तिढा आधी सोडवून ठेवणे हीच खरी तयारी.

पहिला तिढा जमण्याचा. आग लागली किंवा गळती झाली, तर भोंगा वाजल्यावर सगळ्यांनी ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचे, हजेरी द्यायची आणि गाडीत बसायचे, हे अंगवळणी पडलेले असते. आवारात हत्यारबंद माणसे असतील तर तीच शिस्त जिवावर बेतते, कारण शेदोनशे माणसे उघड्यावर रांगेत उभी राहतात. म्हणून त्या वेळची घोषणा वेगळी लागते. जिथे आहात तिथेच आडोसा घ्या, दार आतून लावा, खिडकीपासून दूर जमिनीलगत राहा, फोनचा आवाज बंद करा, सुरक्षा दलाने सांगितल्याशिवाय दार उघडू नका. हे शब्द आयत्या वेळी सुचत नाहीत. ते लिहून नियंत्रण कक्षातल्या ध्वनिक्षेपकाशेजारी ठेवलेले असावेत. हजेरीही फोनवरून किंवा दरवाजांच्या कार्डनोंदीवरून घ्यायची.

दुसरा तिढा आगीचा. हल्ल्यात आग लागली तरी वाट निर्धोक होईपर्यंत अग्निशमन पथकाला पुढे पाठवता येत नाही. पण शीतकरणाच्या पंपाजवळ आग असेल तर थांबताही येत नाही. अशा वेळी कोणत्या खोल्यांपर्यंत आधी वाट मोकळी करायची, याचा क्रम शिफ्ट-प्रमुख आणि सुरक्षा-प्रमुख यांनी शांततेच्या काळात एकत्र बसून ठरवलेला असावा लागतो. पथकासोबत सशस्त्र सोबत कोण देणार आणि दोघे कोणत्या रेडिओ वाहिनीवर बोलणार, हेही त्यातच. सरावात सर्वांत जास्त वेळा फसते ते इथे. दोन्ही पथके तरबेज असतात, पण त्यांचे वॉकीटॉकी एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसरा तिढा दारांचा. चोख पहाऱ्यासाठी दारे बंद हवीत आणि झडपेपर्यंत धावत जाणाऱ्या ऑपरेटरला ती उघडी हवीत. वीज गेल्यावर कोणते कुलूप उघडे पडते आणि कोणते अडकते, आणि अडकलेल्याची साधी किल्ली कुणाकडे असते, हे प्रत्येक शिफ्टला तोंडपाठ हवे.

शेवटचा तिढा लोकांच्या ध्यानात क्वचितच येतो. संकटात घरून बोलावलेले तंत्रज्ञ केंद्राच्या आत येऊच शकत नाहीत, कारण आवार बंद असते. त्यामुळे कुंपणाबाहेर, पुरेशा अंतरावर दुसरे जमण्याचे ठिकाण लागते. तिथे केंद्राचे नकाशे, झडपांच्या याद्या, स्वतंत्र फोन, डोसिमीटर (अंगाला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणे) आणि कामाच्या सूचनांच्या छापील प्रती तयार ठेवायच्या असतात. आतल्या शिफ्टला बदली मिळेलच असे नाही, म्हणून नियंत्रण कक्षात किमान एका दिवसाचे पाणी, खाणे आणि प्रथमोपचार हवेत. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर हे प्रश्न ऐरणीवर आले. तिथल्या अणुनियामक आयोगाने २०११ मध्ये हल्ल्याच्या प्रसंगाचे सराव, पर्यायी ठिकाण आणि आतल्या कर्मचाऱ्यांचे संरक्षण या गोष्टी नियमातच घातल्या.

प्रश्न : घुसखोर दिसताच अणुभट्टी बंद केली तर धोका संपणार नाही का? आणि स्फोट घडवला तर ती अणुबाँबसारखी फुटेल का?

दुसऱ्याचे उत्तर आधी : नाही. आज जगभर चालणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांच्या इंधनात युरेनियम-२३५ चे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के असते, काहींत नैसर्गिक युरेनियमच असते. त्यातून अणुबाँबचा स्फोट होत नाही. भीती असते ती इंधन वितळून किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडण्याची.

आता पहिला. नियंत्रक दांडे काही सेकंदांत आत जातात आणि विखंडन, म्हणजे अणू फुटत राहण्याची साखळी, थांबते. पण इंधनात साचलेली विखंडनाची उत्पादिते क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात. सुमारे १,००० मेगावॅट वीज देणाऱ्या अणुभट्टीची औष्णिक शक्ती ३,००० मेगावॅटच्या आसपास असते. बंद केल्याच्या क्षणी तिच्यात सुमारे ६ ते ७ टक्के, म्हणजे २०० मेगावॅट उष्णता शिल्लक असते. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते, दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे १५ मेगावॅट. ऐकायला किरकोळ वाटते, पण एवढ्या उष्णतेने तासाला वीसेक टन पाण्याची वाफ होते. तितके पाणी ओतत राहावे लागते, आणि ओतायला पंप व पंपाला वीज लागते.

म्हणून संरक्षणाचा गाभा बंद करण्याच्या बटणात नाही, तर पाणी आणि वीज यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाटांत आहे. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, तेही गेले तर काही तास पुरणाऱ्या बॅटऱ्या, आणि त्यानंतर फिरते पंप व फिरते जनरेटर. ही फिरती सामग्री मुख्य इमारतींपासून दूर ठेवायची, म्हणजे एकाच घावात दोन्ही जात नाहीत. नियंत्रण कक्ष सोडावा लागला तर अणुभट्टी बंद ठेवण्यासाठी दुसऱ्या जागी वेगळे पॅनेल असते. तिथवर जाण्याचा सराव अंधारात आणि धुराचा मुखवटा लावूनही करायला हवा.

फिरती सामग्री दगा देते ती क्षुल्लक कारणांनी. नळीचे जोड केंद्राच्या जोडाला बसत नाहीत, डिझेल जुने होऊन गाळण्या तुंबतात, पंपाची स्टार्टर-बॅटरी उतरलेली असते, वाटेत ढिगारा पडतो आणि तो हटवायला यंत्र नसते. त्सुनामीने वीज गेलेल्या जपानच्या फुकुशिमा केंद्रात १२ मार्च २०११ रोजी पहिल्या युनिटमध्ये हायड्रोजनचा स्फोट झाला आणि वीज जोडण्यासाठी नुकत्याच अंथरलेल्या केबल निकामी झाल्या. तिथे हल्लेखोर कुणी नव्हता, पण धडा इथेही लागू पडतो : जोडणीच्या जागा किमान दोन, आणि इमारतीच्या वेगवेगळ्या बाजूंना.

प्रश्न : मी आपत्ती व्यवस्थापन कक्षात काम करते. केंद्राकडून ‘सुरक्षाविषयक घटना’ एवढाच निरोप आला तर लोकांना हलवायचे की थांबायचे?

तुम्ही आधी एकच गोष्ट विचारायची : आणीबाणीचा वर्ग कोणता? अमेरिकी पद्धतीत चार वर्ग आहेत. असामान्य घटनेची सूचना, इशारा, केंद्रस्तरीय आणीबाणी आणि सर्वसाधारण आणीबाणी. शत्रुत्वाची कृती केंद्राच्या बाहेरच्या आवारात घडली तर इशारा, संरक्षित कुंपणाच्या आत घडली तर केंद्रस्तरीय आणीबाणी. विमान ३० मिनिटांच्या अंतरावर असल्याची खातरजमा झालेली धमकीही इशाऱ्यातच मोडते. परिस्थिती उमगल्यापासून १५ मिनिटांत वर्ग ठरवायचा आणि त्यानंतर १५ मिनिटांत बाहेरच्या यंत्रणांना कळवायचे. इतर देशांत नावे वेगळी असतील, पण वर्गावरून कृती ठरते हे तत्त्व सगळीकडे तेच.

सर्वसाधारण आणीबाणी जाहीर झाली तर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरच्या आकड्यांची वाट बघत बसू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार १,००० मेगावॅट औष्णिक शक्तीहून मोठ्या अणुभट्टीभोवती ३ ते ५ किलोमीटरच्या पट्ट्यात उत्सर्जनाआधीच पावले उचलायची असतात, आणि १५ ते ३० किलोमीटरपर्यंत तातडीची तयारी ठेवायची असते. अणुभट्टीच्या स्थितीवरून निर्णय घेतला तर वेळ मिळतो. मोजमापावरून घेतला तर लोक किरणोत्सर्गी ढगाखालीच बाहेर पडतात.

खालच्या वर्गात मात्र घाईने गाव रिकामे करणे चुकीचे ठरू शकते. गोळीबार चालू असताना तुमच्या बसगाड्या आणि सुरक्षा दलाची कुमक एकाच रस्त्यावर समोरासमोर येतील. अशा वेळी लोकांना पक्क्या घरात थांबवा. दारे-खिडक्या आणि बाहेरची हवा आत घेणारी यंत्रे बंद, सगळे मधल्या खोलीत, आणि पुढची सूचना कुठल्या वाहिनीवर व किती वाजता मिळेल हेही सांगा. ‘पुढील सूचनेपर्यंत’ एवढेच म्हटले तर लोक तासाभरात रस्त्यावर येतात. घरात थांबवणे हा एखाद-दोन दिवसांचाच उपाय आहे, हेही लक्षात असू द्या.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी वेगळी करा. फुकुशिमात रुग्णालये आणि वृद्धाश्रम घाईने रिकामे करताना व त्यानंतरच्या दिवसांत पन्नासएक रुग्ण दगावले. किरणोत्सर्गाने नव्हे. लांबचा प्रवास, थंडी आणि उपचारांतला खंड यांनी. ज्यांना हलवणेच घातक आहे त्यांना जागीच ठेवून परिचारिका, औषधे व पाणी त्यांच्यापर्यंत कसे पोहोचेल, हे योजनेत लिहिलेले असले पाहिजे.

एक सावधगिरी हल्ल्यापुरतीच. पहारेकरी कुठे आहेत, कोणते दार फुटले, कुमक कुठून येते आहे, हे लोकांना सांगायचे नसते. पण लोकांनी काय करायचे ते कधीही लपवायचे नसते. दोन्हींची सीमारेषा आधीच आखा, नाहीतर गुप्ततेच्या नावाखाली इशाराच अडकून पडतो.

प्रश्न : मी परिचारिका आहे. केंद्रातून जखमी आणले तर त्यांना हात लावायचा की आधी धुवायचे?

आधी जीव. रक्तस्राव थांबवणे, श्वास मोकळा करणे आणि शस्त्रक्रियेची तयारी, हे सगळे किरणोत्सर्गी धूळ पुसण्याआधी. त्या धुळीमुळे रुग्णाजवळ काम करणाऱ्याला मिळणारी मात्रा सहसा फार कमी असते. एखाद्या कर्मचाऱ्याने या शंकेत घालवलेली पाच मिनिटे रुग्णाच्या जिवाला महागात पडू शकतात.

तयारी साधी आहे. नेहमीच्या दाराहून वेगळे प्रवेशद्वार निवडा, जमिनीवर कागद किंवा प्लॅस्टिक अंथरा, स्वच्छ आणि दूषित यांच्यामध्ये पट्टी मारा. गाऊन, टोपी, मुखवटा आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या घाला : आतली जोडी मनगटाला चिकटपट्टीने बांधलेली, बाहेरची दर रुग्णामागे बदलायची. रुग्णाचे वरचे कपडे कापून आतली बाजू बाहेर येईल असे गुंडाळत काढा. एवढ्यानेच बाहेरचे सुमारे ९० टक्के दूषण जाऊ शकते. कपडे पिशवीत बांधून नाव, वेळ आणि क्रमांक लिहा. हल्ला असेल तर ते गुन्ह्याचा पुरावाही असतात, म्हणून गोळीची भोके टाळून कापा आणि पिशवी पोलिसांच्या ताब्यात दिल्याची नोंद ठेवा.

मग जखम, त्यानंतर तोंड-नाक-डोळे, शेवटी अखंड त्वचा. कोमट पाणी आणि साबण. गरम पाणी नको आणि खरखरीत घासणेही नको, कारण त्वचा खरचटली तर द्रव्य आत जायला वाट मिळते. केसांना शॅम्पू चालतो, कंडिशनर नाही. तो कणांना केसाशी धरून ठेवतो. जखमेत धातूचा तुकडा दिसला तर बोटांनी उचलू नका, लांब चिमट्याने काढून शिशाच्या डब्यात टाका. तो तुकडाच तीव्र स्रोत असू शकतो.

खरी गर्दी जखमींची नसेल, घाबरलेल्यांची असेल. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ मध्ये सीझियमचा एक स्रोत फुटला, तेव्हा सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली आणि दूषण सापडले फक्त २४९ जणांत. म्हणून तपासणीची रांग रुग्णालयाच्या दारात लावू नका. मैदान किंवा मोठे सभागृह ठरवा आणि तिथे मीटर, पाणी व बदलायला कपडे ठेवा.

प्रश्न : आयोडीनच्या गोळ्या आधीच घेऊन ठेवल्या तर बरे, नाही का? घरात टिंक्चर आयोडीन आहे, ते चालेल का?

टिंक्चर मुळीच पिऊ नका, ते विषारी आहे. आयोडीनयुक्त मिठात लागणाऱ्या प्रमाणाच्या पासंगालाही पुरेल इतके आयोडीन नसते.

पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइडचे आणि फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून रक्षण करते. सीझियमवर आणि शरीराबाहेरून येणाऱ्या किरणांवर तिचा उपयोग शून्य. वयाप्रमाणे मात्रा : १२ वर्षांवरील सर्वांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षे ६५, एक महिना ते ३ वर्षे ३२, त्याहून लहान बाळाला १६ मिलिग्रॅम. वेळेला फार महत्त्व आहे. संपर्काच्या आधीच्या २४ तासांपासून संपर्कानंतर दोन तासांपर्यंत ती सर्वांत उपयोगी पडते, आठ तासांपर्यंत काही प्रमाणात. २४ तास उलटल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, कारण आत गेलेले किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडायला ती अडथळा करते. सहसा एकच मात्रा पुरते. चाळिशीपुढच्यांना लाभ कमी. मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना आधी. थायरॉइडचा विकार किंवा आयोडीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

आणि केंद्रावर घुसखोरीची बातमी आली म्हणून गोळी घ्यायची नाही. उत्सर्जन झाले किंवा होऊ घातले, असे सांगून अधिकाऱ्यांनी सूचना दिली तरच.

प्रश्न : बाहेरचा हल्ला दिसतो. आतलाच माणूस फितूर झाला तर? आणि संगणकातून कुणी शिरले तर?

बेल्जियममधल्या डोएल केंद्राच्या चौथ्या युनिटमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये कुणीतरी झडप उघडून टर्बाइनचे सुमारे ६५,००० लिटर वंगणतेल सोडून दिले. टर्बाइन तापून निकामी झाले आणि ते युनिट डिसेंबरपर्यंत बंद राहिले. अणुभाग सुरक्षित होता, पण कुंपण आणि कॅमेरे जिथे संपतात तिथे काय घडू शकते ते कळले. उपाय नावीन्याचे नाहीत. महत्त्वाच्या खोल्यांत एकट्याला प्रवेश नाही, दोघेच जातील आणि दोघांनाही ते काम कळत असेल. नुसता सोबती पुरत नाही. समोरचा कोणती झडप फिरवतो आहे हे ओळखता येणाराच हवा. झडपांना क्रमांकाची सील, दर शिफ्टला त्यांची फेरी. नोकरी सुटली की त्याच दिवशी पास रद्द. सहकाऱ्याच्या वागण्यातला बदल सांगता येईल अशी, सांगणाऱ्याला शिक्षा न होणारी वाट.

संगणकाबाबत दोन घटना पुरेत. अमेरिकेच्या डेव्हिस-बेसी केंद्रात जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) एका कंत्राटदाराच्या जोडणीतून शिरला आणि सुरक्षिततेची मापे दाखवणारी संगणक यंत्रणा सुमारे पाच तास बंद पडली. अणुभट्टी आधीपासून बंद होती. कुडनकुलममध्ये प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचे ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाले. नियंत्रणाचे जाळे वेगळे असल्याने त्याला धक्का लागला नाही. दोन्हींतून एकच मुद्दा पुढे येतो : कार्यालयाचे आणि यंत्राचे जाळे तुटक हवे, आणि पडदा काळा झाला तर काट्याच्या मीटरवरून अणुभट्टी सांभाळण्याचा सराव हवा. पेनड्राइव्ह आणि देखभालीला आलेल्या माणसाचा लॅपटॉप ही तुटक जाळ्यांना जोडणारी चोरवाट असते.

प्रश्न : युद्धच केंद्राच्या दारात आले तर योजनेचा उपयोग काय?

रशियन सैन्याने ४ मार्च २०२२ रोजी युक्रेनचे झापोरिझ्झिया केंद्र ताब्यात घेतले. सहा अणुभट्ट्यांचे हे युरोपातले सर्वांत मोठे केंद्र. प्रशिक्षण इमारतीला आग लागली, किरणोत्सर्ग वाढला नाही. खरा धोका त्यानंतर हळूहळू आला : बाहेरची वीज पुन:पुन्हा तुटली आणि जनरेटरवर भागवावे लागले, जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटले आणि पाण्याचा मुख्य साठा गेला. सप्टेंबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे मुक्कामी आहेत.

असा प्रसंग पहारेकऱ्यांच्या ताकदीबाहेरचा असतो. तरी केंद्राच्या हातात काही गोष्टी उरतात. अणुभट्ट्या थंड, बंद अवस्थेत नेणे. जितके दिवस जातील तितकी क्षय-उष्णता कमी आणि बिघाड झाल्यास हातात वेळ जास्त. डिझेलचा साठा तासांत नव्हे, दिवसांत मोजणे. पाण्याचा धरणावर अवलंबून नसलेला स्रोत, विहिरी सुद्धा. आणि ऑपरेटरांची झोप. बंदुकीच्या धाकात महिनोन्महिने काम करणारा माणूस चुकतो, म्हणून अदलाबदलीची वाट मोकळी राहावी हा आग्रह यंत्राइतकाच महत्त्वाचा.

प्रश्न : आमच्या मुलांची शाळा केंद्राजवळच्या पट्ट्यात आहे. भोंगा वाजला तर मुलांना आणायला धावायचे ना?

नाही. शाळेच्या मुलांना थेट ठरलेल्या निवारा केंद्रावर नेण्याची सोय योजनेत असायला हवी. पालक उलट दिशेने गाड्या घेऊन आले की त्याच रस्त्यावर बस अडकतात. निवाऱ्याचे नाव आणि पत्ता, मुलांना कोण ताब्यात घेऊ शकेल याची लेखी नोंद आणि शाळेने निरोप देण्याची पद्धत, ही माहिती शाळेकडून आताच मागून घ्या. मुलाला रोज औषध लागत असेल तर तीन दिवसांची मात्रा आणि डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत ठेवा. मुलाच्या दप्तरात तुमचा एक आणि परगावच्या नातेवाइकाचा एक असे दोन फोन क्रमांक कागदावर लिहून द्या, कारण स्थानिक मोबाइल टॉवर अशा वेळी सर्वांत आधी तुंबतात.